रफू केलेली घोंगडी

अर्विंग, टेक्सास
२३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

चि. जगन्नाथ यास,

आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल आहोत, तुम्हीही तिकडे खुशाल असाल. हे वाक्य माझं नाही, यामिनीचं आहे. पत्राची सुरुवात अशीच करतात म्हणाली. यामिनी म्हणजे माझी नातसून, संग्रामची बायको, नागपूरकडची. मी बोलते, ती लिहिते. तुला अक्षर ओळखीचं वाटणार नाही, म्हणून पाकीट उलटसुलट करत बसू नकोस. मी सुमित्रा. मनोहरची आई.

पंचेचाळीस वर्षांनी हिला आज काय सुचलं, असं तू म्हणशील. म्हण. तू सातवी शिकलास. मी तुझी पाटी ओल्या फडक्यानं पुसून द्यायची, तेवढीच माझी शाळा. फोन केला असता, पण तुझा नातू प्रथमेश सांगतो की तुला आता फोनवर ऐकू येत नाही. बरंच आहे, मलाही फोनवर बोलता येत नाही. समोरच्या घरातली सुलेखा पुण्याला चालली आहे. तिच्याबरोबर हे देते, ती तिकडून पोस्टात टाकेल.

मी इथे सहा महिन्यांसाठी आले आहे. यामिनीला जानेवारीत बाळ होईल. हातपाय चालतात तोवर नातवाच्या घरी एक बाळंतपण करावं म्हटलं. हातपाय चालतात म्हणजे, हात चालतात. पाय साखरेनं बधिर झालेत. परवा यामिनीनं गरम पाण्याची पिशवी पायावर ठेवली, फोड आला तेव्हा तिनं मला सांगितलं की आजी, भाजलंय. मला कळलंच नव्हतं. विमानतळावर माझं बोचकं एका कुत्र्यानं फार वेळ हुंगलं. आत लसणाची चटणी होती आणि घोंगडी. चटणी ठेवून घेतली, घोंगडी दिली परत. तिच्याशिवाय मला झोप येत नाही. कुठली घोंगडी ते तुला सांगायला नको.

आता कामाचं सांगते. संग्राम शिकारीला चाललाय.

हसू नकोस. ह्या पोरानं जन्मात मारला असेल तर डास, तोही त्या चटचट वाजणाऱ्या रॅकेटनं. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतो आणि संध्याकाळी त्याची मान दुखते. पण त्याच्याबरोबर काम करणारा नकुल म्हणून एक आहे. तो आधी विस्कॉन्सिनला शिकायला होता. विस्कॉन्सिन म्हणजे वर, उत्तरेला, इथून गाडीनं सतरा-अठरा तास. तिथे नकुल ज्या म्हाताऱ्याच्या घरी भाड्यानं राहायचा, तो म्हातारा शिकारी. त्याचं रान आहे. दर वर्षी नोव्हेंबरात तो नकुलला बोलावतो, या वर्षी नकुलनं ह्याला बरोबर घेतलाय. रान ह्यानं पाहिलेलं नाही, बर्फात कधी उभा राहिलेला नाही. मी म्हटलं, अरे, इथे हरणं रोज रस्त्यावर गाडीखाली मरतात, त्यातलं एक उचल. तर म्हणतो, आजी, आजोबा शिकारी होते ना, मला बघायचंय.

काय बघायचंय ते मी विचारलं नाही.

तयारी म्हणशील तर लग्नाची नसेल एवढी. आधी कॉम्प्युटरवर एक शिक्षण घ्यायचं असतं, त्याची परीक्षा. ती झाली. मग परवाना, त्याबरोबर हरणाला बांधायची चिठ्ठी, एका चिठ्ठीला एकच हरीण. मग सामान. लोकरीचे मोजे, त्याच्या आत पातळ मोजे, जोडे दोन नंबर मोठे, कारण घट्ट जोड्यात पाय गोठतो. झाडावर मचाण असतं, त्यावर बसताना कमरेला पट्टा. हातात धरायच्या बारक्या पुड्या, हलवल्या की दहा तास गरम राहतात. मी एक धरून बसले होते. माणसाचा हातसुद्धा इतका वेळ गरम राहत नाही.

आणि फोडणी बंद. हरणाला वास येतो म्हणे. त्याचे कपडे बिनवासाच्या साबणानं धुवून गॅरेजमध्ये झाकणाच्या डब्यात ठेवलेत, आणि मला सांगितलंय की आजी, निघेपर्यंत हिंग नको. म्हटलं, विस्कॉन्सिनच्या हरणाला हिंग कसा ठाऊक असणार? तर म्हणाला, ठाऊक नसतो म्हणूनच पळतं. यात तथ्य आहे, पण बिनहिंगाचं वरण महिनाभर खायचं म्हणजे शिक्षाच आहे.

काल जाकीट आलं. नारिंगी, अगदी झेंडूचं. टोपीही तशीच. तिथला कायदाच आहे, शिकारीला जाणाऱ्यानं हा रंग अंगावर घातलाच पाहिजे. हरणाला तो नीट दिसत नाही म्हणे, माणसालाच दिसतो. म्हणजे लांबून कळावं की झुडपात आहे तो माणूस आहे. संग्रामनं ते घालून दाखवलं, गोल फिरला. मी चांगलं दिसतंय म्हटलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. ऊन होतं.

तर माझं काम एवढंच. तू जुना शिकारी. नवख्या माणसानं थंडीत, अनोळखी रानात काय सांभाळावं, ते दोन ओळीत लिहून कळव. पोरगं हट्टी आहे, पण ऐकतं. उत्तर नाही दिलंस तरी मी काही म्हणणार नाही. परत आल्यावर सात वर्षं तू भाऊबीजेला लुगडं पाठवलंस आणि सातही मी परत केली. आठव्या वर्षी तू दमलास. तेव्हा आता मी सात पत्रं पाठवीपर्यंत तुला हक्क आहे.

मनोहरची आई


अर्विंग
१४ नोव्हेंबर २०२५

चि. जगन्नाथ यास,

आशीर्वाद. तुझं उत्तर मिळालं. प्रथमेशनं तुझ्या कागदाचा फोटो पाठवला, यामिनीनं फोन हातात धरून वाचून दाखवला. हे पत्र लिहून झालं की तिनं फोटो काढून तसंच प्रथमेशला पाठवायचं आहे, म्हणजे लवकर पोचेल. तो आधी वाचणार, म्हणून बेतानं लिहिते.

तू चारच ओळी लिहिल्यास. वारा तोंडावर घेऊन बस. भरलेली बंदूक घेऊन झाडावर चढू नको. पाय गार पडले तर उठून चाल, शिकार गेली तरी चालेल. आणि पुरतं दिसल्याशिवाय चाप ओढू नको, मी ओढला.

शेवटचे दोन शब्द यामिनीनं आधी वाचले नाहीत. मी म्हटलं, कागद अजून शिल्लक आहे, तुझे डोळे हलताहेत. मग वाचले.

मला काही वाटलं नाही, जगन्नाथ. वाटायला हवं होतं. मी वाट बघत बसले, की आता काहीतरी होईल, रडू येईल, राग येईल. काही आलं नाही. मग मेथी निवडायला घेतली.

संग्रामनं तुझ्या ओळी मोठ्या अक्षरांत कागदावर काढून फ्रिजवर चिकटवल्या आहेत. येता-जाता वाचतो. शेवटचे दोन शब्द त्यानं काढलेले नाहीत असं यामिनी म्हणते. मला काय, मला सगळे सारखेच दिसतात.

तयारी पुढे सरकली आहे. गेल्या शनिवार-रविवारी बंदूक चालवायला जाऊन आला. खांद्याला निळं पडलंय. पहिल्या दिवशी दहातल्या तीन लागल्या, दुसऱ्या दिवशी सात. मी म्हटलं, हरणाला सांगून ठेव, दुसऱ्या दिवशी ये. नकुल जेवायला आला होता, तो फार हसला. नकुल चांगला पोरगा आहे, गोड बोलतो, मला आजी म्हणतो आणि तीनदा भात घेतो. त्यानं सांगितलं, तिथे पहाटे शून्याच्या खाली बारा असतं, फोनची बॅटरी मरते, म्हणून रानाचा नकाशा कागदावर हवा. त्या म्हाताऱ्यानं हातानं काढून पाठवलाय. ओढा, कुंपण, कोण कुठल्या मचाणावर, कुठल्या बाजूला बंदूक फिरवायची नाही, सगळं. माणूस शहाणा दिसतो. आपल्याकडे हाक्याच्या आदल्या दिवशी तू असंच काठीनं मातीत काढून दाखवायचास.

मग संग्रामनं मला विचारलं. भाजी चिरत होता, वर न बघता विचारलं, की आजी, मामा-आजोबांना खरंच दिसलं नव्हतं का? आजोबांच्या अंगात पांढरा सदरा होता ना, डोक्याला पांढरा पटका? बाबा सांगतात की मामा-आजोबा प्यायलेले होते. काही लोक म्हणतात बांधावरून भांडण होतं.

म्हणजे आपल्या मनोहरनं त्याला असं सांगितलंय. मनोहरला गावानं सांगितलं. गावाला कुणी सांगितलं ते सोड.

मी म्हटलं, वरण उतू चाललंय. खरोखरच चाललं होतं.

तू पीत नव्हतास. दमा होता तुला, थेंब चालायचा नाही. आणि बांध तर कधीच मोजून झाला होता. एवढं मला त्याला सांगता आलं असतं. तेही नाही सांगितलं. एक धागा ओढला की पुढचा येतो.

मनोहरच्या लग्नात मामाच्या जागी आम्ही पाटावर नारळ ठेवला होता, तुला कुणी सांगितलं असेल. भटजी म्हणाले, मामा नसला तर चालतो नारळ. अंतरपाटामागे नारळ बघून माझी विहीण कुजबुजली, मामा वारले वाटतं. मी मान हलवली. नारळासारखीच.

यामिनीचा हात दुखायला लागला. सातव्या महिन्यात मी उखळावर भात कांडत होते, हिला पेन जड होतंय. हे ती लिहिणार नाही म्हणते. लिहिलंय बघ.

गुरुवारी सकाळी ते निघतील. बाकी ठीक.

सुमित्रा


अर्विंग
१९ नोव्हेंबर २०२५, बुधवार दुपार

जगू,

आज अक्षर वाकडं दिसेल. यामिनी नाही, संग्राम लिहितोय. हे पत्र मी लिहितो असं तोच म्हणाला. मी म्हटलं, तुला जड जाईल. तर म्हणाला, आजी, तू हळू सांग. हे फोनवर पाठवायचं नाही. कागदच येईल, उशिरा आला तरी चालेल.

सकाळी सामान भरत होता. सगळं बैठकीत मांडलेलं, मी कोचावर बसून एकेक वस्तूला नाव ठेवत होते. पिशवी भरत आली आणि हा उठला, माझ्या खोलीत गेला, आणि घोंगडी घेऊन आला. आजी, ही दे मला. नकुल म्हणतो लोकरीसारखं काही नाही, आवाज करत नाही, ओली झाली तरी ऊब धरते. मचाणावर बसलो की वरून पांघरून बसेन.

मी नाही म्हटलं. मला झोप येत नाही म्हटलं. पाचच दिवस म्हणाला आणि पिशवीत घातली. मी उठून काढली. त्यानं हसत परत घातली. आजी, तुला इलेक्ट्रिकचं ब्लँकेट देतो. मी पुन्हा काढली. यामिनी म्हणाली, राहू दे ना संग्राम. तो म्हणाला, अगं, आजोबांची आहे, त्यांचीच ना आजी? आजोबांची घोंगडी घेऊन शिकार करणार मी. आणि ती पसरून उजेडात धरली. काळीभोर आहे अजून. मग त्याला रफू दिसले. बोटानं चाचपत म्हणाला, कसर लागली होती का गं?

जाकीट बाजूला पडलं होतं. झेंडूचं. ह्यानं त्यावर घोंगडी घेतली असती. पहाटे अर्ध्या उजेडात, झाडावर, काळं काहीतरी. नकुल एका बाजूला, म्हातारा दुसऱ्या बाजूला.

मी म्हणाले, "ती भोकं कसरीची नाहीत. जगन्नाथमामाच्या बंदुकीची आहेत. आणि घोंगडी मी त्यांच्यावर पांघरली होती."

तो म्हणाला, "पण सदरा पांढरा होता ना?"

"होता. घोंगडीच्या आत."

मग सांगितलं सगळं. तुला ठाऊक असलेलं तुलाच सांगते, कारण ते तुझ्या-माझ्यात कधी बोललं गेलं नाही, आणि आता ते कागदावर राहायला हवं.

त्या दिवशी पौषातली थंडी होती. ह्यांच्या अंगात तीन दिवस ताप होता. रानडुकरांनी शाळू उकरला होता, हाका ठरलेला, रान उठवायला गडी कमी होते, म्हणून हे निघाले. हाक्याला काळं घालायचं नाही, डोक्याला पांढरा पटका हवा, हे आपल्या गावातलं शेंबडं पोर सांगेल. तू आदल्या दिवशी घरोघर सांगून गेला होतास. मला पण सांगितलंस, आक्का, घोंगडी नको. दारातच सांगितलंस. मी म्हटलं, मोठा आला शिकवणारा. आणि सकाळी हे हुडहुडत होते म्हणून मीच डोक्यावरून घोंगडी गुंडाळली. म्हटलं, खिंडीपर्यंत ठेवा, मग काढा. ताप होता, त्यांनी काढली नसेल. करवंदीच्या जाळीत वाकून बसले असतील, काळे, गुडघ्यांत मान घालून.

तूच एकट्यानं खांद्यावर घालून आणलंस. बाकीचे गाडी बघायला धावले होते. अंगणात ठेवलंस तेव्हा मी आधी काय केलं? तोंडावरून हात नाही फिरवला. घोंगडी काढली. तुझ्यासमोर काढली, आणि शेणीच्या ढिगाआड टाकली. मला वाटलं, आता मलाच धरतील. मनोहर तेरा वर्षांचा. सासू म्हणेल, हिनंच गुंडाळलं. तू बघत होतास. काही बोलला नाहीस.

कोर्टात वकिलानं मला विचारलं, अंगावर काय होतं? मी म्हणाले, पांढरा सदरा, पांढरा पटका. घोंगडी होती का? नव्हती. तू पिंजऱ्यात उभा होतास. माझ्याकडे बघितलंस, मग पायांकडे. तुझ्या वकिलानं तुला विचारलं तेव्हा तू म्हणालास, मला नीट दिसलं नाही. एवढंच. एक शब्द बोलला असतास तर सुटला असतास. तीन वर्षं कळंब्याच्या तुरुंगात काढलीस, आणि बाहेर आलास तर गावानं पाणी तोडलं नाही एवढंच. मी तुझ्याशी बोलणं सोडलं, ते लोकांना वाटलं रागानं. माझ्याजवळ राग कुठला? तुझ्यासमोर उभी राहिले असते तर तू बघितलं असतंस, आणि तुझं ते बघणं मला नको होतं. म्हणून लुगडी परत केली.

घोंगडी जाळायची होती. चुलीपर्यंत नेली. मग धुतली, पाच भोकं होती, बकरीच्या काळ्या केसांनी रफू केली. तेव्हापासून पांघरते.

हे सांगत होते तेव्हा यामिनी रडत होती. मला मात्र रडू आलं नाही. माझ्या पायांसारखंच झालंय ते, खाली काही भाजत असेल पण वर कळत नाही. संग्राम त्या पाच रफूंवर एकेक बोट ठेवून बघत होता. माझ्या हाताएवढं अंतर, पाची बोटं बसली. मग त्यानं घोंगडीची घडी केली आणि माझ्या पायांवर ठेवली.

त्यानं विचारलं, "आजी, मी जाऊ का?"

मी म्हटलं, "जा. जाकीट घाल, टोपी घाल. गार लागलं तर आत आणखी घाल, वरून काही घेऊ नको. आणि मामा-आजोबांनी लिहिलंय ते पाठ कर."

"शेवटचं पण?"

"शेवटचं खोडून टाक."

त्यानं फ्रिजवरचा कागद काढला. मला वाटलं खोडतोय. तर त्यानं तिथे खाली आणखी काहीतरी लिहिलं. काय ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. आता हे लिहिताना थांबला होता, मी म्हटलं, लिही रे, तुझ्या गाडीला उशीर नाही झालेला.

मनोहरला मी आज संध्याकाळी सांगणार आहे. पुण्यात तेव्हा पहाट झालेली असेल, तो लवकर उठतो. त्याच्या तोंडचा दारूचा शब्द माझ्यामुळे आला, तो मलाच परत घ्यायला हवा. तू हा कागद प्रथमेशला दाखव, तुझ्या सुनेला दाखव, चावडीत नेऊन वाच, पोलीसपाटलाला दे, काय हवं ते कर. मला धरायला आले तर सांग, अमेरिकेत आहे, एप्रिलात येईल. दार उघडंच ठेवते म्हणावं.

माफ कर असं लिहू का, म्हणून संग्राम विचारतोय. नको. तो शब्द फार हलका आहे, पंचेचाळीस वर्षांना पुरायचा नाही. आणि तू लगेच केलीस म्हणशील, मला ठाऊक आहे, तू तसलाच आहेस. करू नकोस लगेच. मी येईपर्यंत थांब. मी आले की दारात उभी राहीन आणि तू माझ्याकडे बघ. हवं तितका वेळ बघ. मी हलणार नाही.

एक राहिलं. तुझ्या ओळी उपयोगी पडल्या. नकुलनं त्या म्हाताऱ्याला इंग्रजीत वाचून दाखवल्या. तो म्हणाला, ज्यानं हे लिहिलं त्याच्या शेजारच्या मचाणावर मी डोळे मिटून बसेन.

इतकं नको म्हणावं त्याला. डोळे उघडे ठेव म्हणावं.

खाली माझा अंगठा आहे. बाळ झालं की त्याच्या पावलांचे ठसे घ्यायला यामिनीनं शाईची डबी आणून ठेवलीय, पहिला ठसा मी उठवते आहे. डावा अंगठा, कोर्टातल्या कागदावरचाच. त्या दिवशी त्यानं खोटं उठवलं होतं. हवं तर दोन्ही जुळवून बघ, रेषा त्याच आहेत.

तुझी आक्का